‘अनलिमिटेड’ विकताना

‘अनलिमिटेड मारा’ म्हणत गिऱ्हाईक पैसे पुढे करते, आपण २९९चा रिचार्ज मारतो आणि मेसेज आला की ते निघून जाते. तेच गिऱ्हाईक संध्याकाळी फोन हातात धरून परत येते. व्हिडिओवरचे गोल चक्र फिरतच राहिलेले असते, पेमेंटचे ऍप उघडत नसते आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘अनलिमिटेड टाकलं होतं ना? मग नेट कसं संपलं?’ तालुक्याच्या गावात मोबाईलचे दुकान चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. जाहिरात कंपनीची, अटी कंपनीच्या, नेटवर्कही कंपनीचे; उत्तर मात्र काउंटरमागे उभे राहून आपण द्यायचे. तेव्हा ही जाहिरात कितपत खरी ठरते याचा हिशेब आपणच मांडून ठेवलेला बरा.

तो मांडला तर निकाल सरसकट लागत नाही. कॉलिंगच्या बाबतीत कंपन्यांनी शब्द बऱ्यापैकी पाळला आहे. ४जी डेटाच्या बाबतीत पाळलेला नाही. ५जीच्या बाबतीत तो गिऱ्हाइकाच्या हँडसेटवर, घराच्या भिंतींवर आणि प्लॅनच्या किमतीवर अवलंबून आहे.

कंपन्यांच्या पदरात टाकायचे ते आधी टाकू. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होण्यापूर्वी महिनाभराच्या एक जीबी पॅकला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन जुलै २०२४च्या दरवाढीनंतरही २९९ला होता. म्हणजे ४२ जीबी, जीबीमागे सात रुपये बारा पैसे. ही स्वस्ताई खरी आहे आणि आपल्या धंद्याची उलाढालही तिच्यावरच वाढली. पण स्वस्त आणि अमर्याद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फ्लेक्सवर दुसरीच छापली जाते. जिओच्या पहिल्या फुकट ऑफरलाही रोज ४ जीबीची मर्यादा होती. जानेवारी २०१७पासून ती १ जीबीवर आली आणि त्यानंतरचा वेग १२८ केबीपीएस ठरला. आज बहुतेक प्लॅनमध्ये कोटा संपल्यावर मिळणारा वेग त्याच्याही निम्मा, ६४ केबीपीएस आहे.

हा ६४चा आकडा गिऱ्हाइकाला कधीच समजावून सांगितला जात नाही. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. व्हॉट्सॲपवर आलेला एक एमबीचा फोटो उतरायला सगळे सुरळीत चालले तरी दोन मिनिटे लागतात. गेल्या शतकाच्या शेवटी टेलिफोनच्या तारेवर कर्र-कुर्र करत जोडला जाणारा मोडेम ५६ केबीपीएसचा होता. कोटा संपलेला ५जी फोन त्याच्याच पंक्तीला जाऊन बसतो. जानेवारी २०२३पासून सरकारी व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचे. ६४ केबीपीएस हा त्याचा जेमतेम तिसावा हिस्सा.

आता बेरीज करू. सकाळी दहाला दीड जीबी संपले असे धरा. मध्यरात्रीपर्यंतचे चौदा तास फोन एक क्षणही न थांबता ६४च्या वेगाने डेटा ओढत राहिला, तरी फार तर ४०० एमबी येईल. म्हणजे त्या दिवसाची ‘अमर्याद’ सेवा १.९ जीबीला संपते. कागदावर नेट बंद पडत नाही हे खरे, पण ज्या कामासाठी लोक नेट घेतात त्यातले बहुतेक काही त्या वेगात होत नाही. गिऱ्हाईक ‘नेट संपलं’ म्हणते ते चूक नाही.

मर्यादा का घालावी लागते हेही आपल्याला सांगता यायला हवे. टॉवरच्या एका बाजूला जेवढे स्पेक्ट्रम लावले असेल तेवढाच वेग त्या बाजूच्या सगळ्यांत वाटला जातो. चाळीच्या एका नळावर सकाळी सगळ्यांच्या बादल्या लागल्या की धार बारीक होते, तसेच रात्री नऊनंतर होते. क्रिकेटचा सामना असला की विचारायलाच नको. त्यामुळे वापरावर काही बंधन असणे गैर नाही. बंधन लपवणे गैर आहे.

शिवाय हे बंधन रोजचे का, महिन्याचे का नाही, हा प्रश्न उरतोच. ट्रायच्या आकडेवारीप्रमाणे २०२४मध्ये देशातला मोबाईल डेटाचा सरासरी वापर माणशी महिन्याला वीस जीबीच्या आसपास होता. रोज दीड जीबीवाल्याने विकत घेतलेले असतात ४२. तरीही त्याला नेट कमी पडते, कारण सोमवार ते शुक्रवार उरलेला डेटा रात्री बाराला बुडतो आणि रविवारी मुले घरी असली की दुपारीच कोटा संपतो. मग आपण त्याला डेटा टॉप-अप विकतो. न वापरलेले बुडवायचे आणि कमी पडलेले पुन्हा विकायचे, हे या रचनेचे खरे अर्थशास्त्र आहे. व्होडाफोन आयडियाने सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देणारे प्लॅन काढले, रात्रीचा डेटा कोट्याबाहेर ठेवला. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. कंपनीने ठरवले तर जमते.

५जीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि सध्या सर्वाधिक वाद तिथेच होतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जीचे उद्घाटन झाले. त्यानंतर जिओच्या २३९ आणि त्यावरच्या प्लॅनवर ५जी डेटा कोट्याशिवाय मिळत होता. जुलै २०२४मध्ये २३९चा प्लॅन २९९ झाला. वर्तमानपत्रांनी पंचवीस टक्क्यांची वाढ म्हणून बातमी दिली. पण त्याच वेळी जिओ आणि एअरटेल या दोघांनीही अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरते ठेवले. जिओचा असा २८ दिवसांचा प्लॅन ३४९चा. म्हणजे जूनमध्ये २३९ देऊन जे मिळत होते त्याला जुलैत ३४९ लागले. ही वाढ ४६ टक्क्यांची. किती गिऱ्हाइकांनी जुन्या सवयीने २९९ भरले आणि ५जीवर दीड जीबी उडाल्यावर आपल्याशी हुज्जत घातली, ते तुम्ही जाणताच. १०० एमबीपीएस वेगाने दीड जीबी संपायला दोन मिनिटे पुरतात.

३४९वाल्याचीही सुटका नाही. अमर्याद आहे ते फक्त ५जी. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी सिमेंटच्या जाड भिंतीतून नीट आत शिरत नाहीत. आतल्या खोलीत गेले की फोन गुपचूप ४जीवर उतरतो आणि तिथून कोट्याचे मीटर सुरू होते. वर कोपऱ्यातले चिन्ह कुणी पाहत बसत नाही. दोन जीबी संपल्याचा मेसेज आला की गिऱ्हाइकाला वाटते, कंपनीने फसवले. ज्याच्या घरात ५जीचे कव्हरेज धड नाही, त्याला अमर्याद ५जीचा प्लॅन विकणे म्हणजे आपणच उद्याची तक्रार ओढवून घेणे आहे.

कॉलिंगचे चित्र बरे आहे. एके काळी एअरटेलच्या अनलिमिटेड कॉलिंगला दिवसाला ३०० आणि आठवड्याला १२०० मिनिटांची मर्यादा होती. ‘कॉल कायम फुकट’ म्हणणाऱ्या जिओनेही ऑक्टोबर २०१९मध्ये दुसऱ्या नेटवर्कवरच्या कॉलला मिनिटाला ६ पैसे लावले होते. १ जानेवारी २०२१पासून कंपन्यांमधला कॉल जोडणीचा आकार शून्यावर आला आणि ती अडचण संपली. आज घरगुती वापरात कुणाचे कॉल मोजून थांबवले जात नाहीत.

पण ज्याला फक्त कॉल हवे आहेत, त्याने डेटाचे पैसे का भरावेत? बटणाचा फोन वापरणाऱ्या आजोबांना वर्षानुवर्षे डेटाचे प्लॅन मारून दिले गेले. ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलून केवळ कॉल आणि एसएमएसचे व्हाउचर ठेवणे कंपन्यांना सक्तीचे केले, त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५मध्ये ८४ दिवसांचे असे प्लॅन साडेचारशेच्या आगेमागे आले. त्याच मुदतीचा रोज दीड जीबीचा जिओ प्लॅन ७९९चा होता. साडेतीनशे रुपयांचा हा फरक म्हाताऱ्या माणसाच्या औषधाचा असतो. कंपनीच्या ऍपमध्ये हे प्लॅन शोधावे लागतात; आपल्या काउंटरवर तरी ते पहिल्यांदा सांगितले जावेत.

अमेरिकेत हाच वाद न्यायालयात गेला होता. तिथल्या व्यापार आयोगाने २०१४मध्ये एटी अँड टीवर दावा लावला. अनलिमिटेडच्या जुन्या ग्राहकांचा वेग अवघ्या २ जीबीनंतरही पाडला जात होता, हा आक्षेप होता. २०१९मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि मर्यादा ठळकपणे सांगितल्याशिवाय अनलिमिटेडची जाहिरात करायची नाही, असे बंधन तिच्यावर आले. लक्षात घ्या, वेग कमी करायला तिथे बंदी झाली नाही. न सांगता करायला झाली.

आपल्याकडचा कायदाही याच दिशेचा आहे. कोटा किती आणि तो संपल्यावर वेग किती हे स्पष्ट सांगावे, असे ट्रायने सप्टेंबर २०२०च्या निर्देशात कंपन्यांना बजावले आहे. फसव्या जाहिरातींविषयीची जून २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा आणि खुलाशाने मूळ दाव्यालाच छेद देता कामा नये. दुकानावर मराठीत ‘अनलिमिटेड डेटा’ आणि तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, असा फ्लेक्स लावताना हे आठवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २१खाली जाहिरात मागे घेण्याचा आदेश कंपनीप्रमाणे व्यापाऱ्यालाही देता येतो. ‘कंपनीने दिला, आम्ही लावला’ हे उत्तर तेव्हा पुरणार नाही.

मग आपण काय करावे? रिचार्ज मारण्याआधी गिऱ्हाइकाला तीन आकडे तोंडाने सांगावेत : रोजचा कोटा, तो संपल्यावरचा वेग आणि मुदत. मुदत २८ दिवसांची म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज, हेही सांगावे; ट्रायच्या २०२२च्या आदेशामुळे ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेचा प्लॅनही प्रत्येक कंपनीला ठेवावा लागतो. ५जी मागणाऱ्याचा हँडसेट आणि राहण्याची जागा विचारावी. तक्रार घेऊन आलेल्याला १९८वर फोन लावून तक्रारीचा नंबर घ्यायला आणि समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायला सांगावे. त्यापुढे ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केले आहे.

यात आपला वेळ जातो आणि कमिशन वाढत नाही, असे काही वाचक म्हणतील. कमिशन कमी आहे हे मान्यच, आणि त्यासाठीचे भांडण वेगळे लढावे लागेल. पण रिचार्ज आता गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवरूनही करू शकते. तरीही जे आपल्या दुकानाची पायरी चढते, ते खरे काय ते सांगणारे माणूस हवे म्हणून चढते. कंपनीची जाहिरात पोपटासारखी म्हणून दाखवायला ऍप पुरेसे आहे.

संघटनांनी येत्या बैठकांत वितरकांपुढे एकच मागणी ठेवावी : दुकानात लावायच्या प्रत्येक फलकावर कोटा आणि कोट्यानंतरचा वेग ‘अनलिमिटेड’ एवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत छापून द्या. तसा फलक येईपर्यंत ते दोन आकडे मार्करने आपल्या हाताने फलकावर लिहा. सुरुवात या आठवड्यात करा.