तीन मिनिटं आणि एक नोटीस

आमच्या उत्तर व्हर्जिनियात घराबाहेर पडलं की थोड्याच वेळात खिडक्या नसलेली एखादी अवाढव्य इमारत दिसते. भारतातून आलेले आईवडील विचारतात, ‘एवढं मोठं गोडाऊन कसलं रे?’ ती डेटा सेंटर्स. लाउडन काउंटीत, विशेषतः अ‍ॅशबर्नच्या आसपास, त्यांची जगातली सर्वांत दाट वस्ती आहे. आपल्यापैकी अनेकांची नोकरी ज्या ‘क्लाउड’वर चालते, तो इथे जमिनीवर उभा आहे. आणि जमीन म्हटली की झोनिंग आलंच.

शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीचं प्रकरण म्हणूनच समजून घ्यावं. मनॅससच्या यादवी युद्धाच्या रणभूमीलगत सुमारे २,१०० एकर ग्रामीण जमिनीवर ‘डिजिटल गेटवे’ हा डेटा सेंटर प्रकल्प यायचा होता. आपल्याकडच्या भाषेत, एवढी जमीन एकदम ‘एनए’ करायची. डिसेंबर २०२३ मधली सुनावणी रात्रभर चालून सुमारे २७ तासांनी संपली. जमीन विकू इच्छिणारे बाजूने बोलले. आवाज, पाणी आणि विजेच्या लाइनींची काळजी असलेले विरोधात. प्रस्ताव ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला, एक सदस्य तटस्थ राहिला. निवडणूक आधीच झाली होती. नवं मंडळ जानेवारीत यायचं होतं.

विरोधक हरले, असंच तेव्हा वाटलं. पण लगतच्या वसाहतीतले रहिवासी कोर्टात गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ही मंजुरी रद्दबातल ठरवली. कारण पाणी किंवा आवाज नव्हे, तर सुनावणीची जाहीर नोटीस! ती वर्तमानपत्रात कायद्याप्रमाणे दिलेली नव्हती. ‘एवढे लोक आले म्हणजे कळलं होतंच की,’ असं कुणी म्हणेल. पण जे आले नाहीत, त्यांच्यासाठीच तर नोटीस असते. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण धडा तोच राहतो.

डेटा सेंटर्स नकोच, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या करामुळे लाउडनमध्ये घरांवरच्या कराचा बोजा हलका राहतो, शाळांना पैसा मिळतो. कुठे आणि किती, हा प्रश्न आहे. मार्च २०२५ मध्ये लाउडनच्या मंडळाने ‘जमीन त्या झोनमध्ये आहे, मग सुनावणीची गरज नाही’ ही सवलत काढून टाकली. नवीन प्रस्ताव आता लोकांसमोर येणार.

तिथे आपण किती जण असतो? मतदानाला नागरिकत्व लागतं. सुनावणीत तीन मिनिटं बोलायला लागत नाही. एच-वन असो वा ग्रीन कार्ड, राहता ना इथे? मग बोला. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळांचं रेटिंग आणि वाढलेलं विजेचं बिल फिरतं, सुनावणीची तारीख मात्र क्वचितच.

गावाकडच्या मंडळींनाही हेच सांगेन. १९६६ च्या नगररचना कायद्याने हरकती-सूचनांचा हक्क आपल्याकडेही आहे. मुंबई-पुण्यात २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृह परत आलं आहे. पेपरच्या कोपऱ्यातली ती बारीक अक्षरातली नोटीस आता वाचायला घ्या. हरकत लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.