वजन उतरलं, एक्सल तुटला

जुनी स्विफ्ट किंवा पोलो घ्यायची, मागची सीट काढायची, स्टेपनी काढायची, कार्पेट आणि स्पीकरचा डबा उतरवायचा आणि ‘आता पाहा कशी उडते’ म्हणत वरूड-मोर्शी रस्त्यावर काढायची, अशी हौस असलेली पोरं आपल्याकडेही भेटतात. त्यातल्याच एकानं परवा विचारलं, ‘‘भाऊ, गाडी हलकी केली तं गिअरबॉक्स जास्त दिवस चालन का?’’

प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र क्लचला वेगळं, गिअरबॉक्सला वेगळं आणि एक्सलला तिसरंच.

क्लचचं सोपं आहे. उभी गाडी हलवताना क्लच प्लेट घसरते आणि तापते. किती तापेल हे बरंचसं गाडीच्या वजनावर ठरतं. हजार किलोची गाडी 850 किलोवर आणली, तर तशाच पद्धतीनं सुटताना क्लचला उष्णताही साधारण 15 टक्के कमी सोसावी लागते. संत्र्याच्या हंगामात कॅरेटांनी ठासून भरलेला पिकअप चढावर उभा राहिला की क्लचचा जळका वास येतो, तो याच हिशेबाचा उलटा भाग.

गिअरबॉक्सचा फायदा मात्र लोक समजतात तेवढा नाही. पूर्ण ॲक्सलरेटर दाबला की गिअरच्या दातांवर ताण येतो तो इंजिनच्या टॉर्कचा. गाडी हलकी असो की जड, इंजिन तेवढाच टॉर्क देतं. फरक पडतो तो वेळेत. हलकी गाडी लवकर वेग घेते, म्हणून तो ताण कमी सेकंद टिकतो. झीज कमी होईल, पण कमजोर गिअर त्यामुळे मजबूत होणार नाही.

खरी गोम एक्सलमध्ये आहे. झटक्यानं क्लच सोडला, तर एक्सलवर जास्तीत जास्त किती ताण येणार हे टायर ठरवतो. टायर घसरला की ताण तिथंच थांबतो. घरातला फ्यूज जसा वायरिंग जळण्याआधी उडतो, तसं हे घसरणं एक्सलला वाचवतं. चाकावरचं वजन कमी झालं की टायर लवकर घसरतो, म्हणजे एक्सल सुखी. पण आपला गडी काय करतो? गाडी हलकी केल्यावर चाकं जागच्या जागी फिरतात म्हणून रुंद, चिकट रबराचे टायर बसवतो. पकड एक तृतीयांश वाढली असं धरा. वजन 15 टक्क्यांनी उतरलं, तरी गुणाकार केला की एक्सलवरचा सर्वाधिक झटका आधीपेक्षा 13 टक्के जास्तच भरतो. मग एक्सलचा सीव्ही जॉइंट कटकटायला लागतो आणि दोष कंपनीला जातो.

त्यात वजन कुठून काढलं हेही पाहावं लागतं. स्विफ्ट असो की पोलो, दोन्ही पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या. मागची सीट आणि स्टेपनी मिळून पन्नास किलोही भरत नाही आणि ते जातं मागून. पुढच्या चाकांवरचा भार जवळपास तसाच राहतो, म्हणून एक्सलच्या झटक्यात फरक नाही. उलट जोरात ब्रेक लावला की हलकं झालेलं बूड बाजूला पळतं. पंक्चर झाल्यावर स्टेपनी नसते, ते वेगळंच.

हलकेपणाचा खरा लाभ गाडी कागदावर असतानाच घ्यायचा असतो. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या अभियंत्यांनी नॅनो घडवली, ती याचं आपल्या घरचं उदाहरण. गाडी जेमतेम 600 किलोची, म्हणून 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन पुरलं. टॉर्क कमी म्हणून गिअरबॉक्स लहान आणि चार गिअरचा. चाकाला नटसुद्धा तीनच. एक भाग हलका झाला की दुसऱ्याला हलकं व्हायची मुभा मिळते. इंग्लंडच्या लोटसनं 1996 च्या एलिसमध्ये हेच वेगासाठी केलं. गाडी साधारण सव्वासातशे किलोची, म्हणून रोव्हरच्या रोजच्या वापरातल्या गाडीचं 1.8 लिटरचं इंजिन आणि गिअरबॉक्स तिला पुरून उरले. दुसऱ्या टोकाला बुगाटी वेरॉन: वजन 1,888 किलो, ताकद हजार अश्वशक्ती. ती पेलणारा गिअरबॉक्स ब्रिटनच्या रिकार्डो कंपनीकडून खास बनवून घ्यावा लागला. नॅनो बाजारात हरली ते वेगळ्या कारणांनी. तिच्या इंजिनिअरिंगला हसणाऱ्यांनी ते तीन नट एकदा नीट पाहावेत.

हौशी पोरांचा आणखी एक प्रकार म्हणजे इंजिन आणि क्लचमधलं जड चाक, फ्लायव्हील, लेथवर घासून हलकं करणं. त्याला माझा साफ विरोध आहे. इंजिन फटकन फिरतं हे खरं, पण ते मंद चालताना थरथरतं, गाडी हलवताना क्लच जास्त घसरवावा लागतो आणि इंजिनचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचतात. म्हणजे सीट काढून क्लचचं जे वाचवलं, ते इथं परत घालवलं. शिवाय बिडाचं फ्लायव्हील पातळ केलं आणि वेगात फुटलं, तर तुकडे थेट माणसांच्या पायाशी येतात.

कायदाही बाजूनं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींचा रोख एकच: कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही.

ज्यांना हे शास्त्र हातानं करून पाहायचंच आहे, त्यांनी अभियांत्रिकीला असताना ‘बाहा एसएई इंडिया’मध्ये उतरावं. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या मैदानामुळे ओळखली जाणारी ही विद्यार्थ्यांची स्पर्धा 2007 पासून आहे. पेट्रोल गटात सगळ्या संघांना इंजिन सारखंच, 10 अश्वशक्तीच्या आसपासचं. मग जिंकायचं कशावर, तर वजनावर आणि चार तासांच्या शर्यतीत शाफ्ट न मोडण्यावर. पिथमपूरला जायला वरूडहून मुलताई, बैतूल, इंदूर असा सरळ रस्ता आहे. जाताना गाडीत मागची सीट ठेवा, दोन मित्र जास्त बसतील. आणि स्टेपनीत हवा आहे का, तेवढं पाहून निघा.