पाण्याचेही परिमाण हवे

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगपरिमाण व्रताचा समावेश आहे. उपभोगाची मर्यादा आधी ठरवावी आणि तिच्या आत राहावे, हा त्याचा आशय. मर्यादा म्हटली की मोजमाप आलेच. आणि मोजायचे नेमके काय, हा प्रश्न पाण्याच्या बाबतीत विकसनशील देशांपुढे आज उभा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या सुधारित स्रोतापासून वंचित असलेल्यांचे प्रमाण २०१५ पर्यंत निम्मे करण्याचे लक्ष्य होते. ते २०१० मध्येच गाठले गेले. परंतु नळ, हातपंप किंवा संरक्षित विहीर असली की ती मोजणीत धरली जाई. पाण्याची शुद्धता त्या निकषात नव्हती. बांगलादेशाने याची मोठी किंमत मोजली. तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे होणारे रोग टळावेत म्हणून तेथे १९७० च्या दशकापासून लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या. १९९३ मध्ये त्यांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले. कोट्यवधी लोक तोवर तेच पाणी पीत होते. कूपनलिका मोजल्या गेल्या, आर्सेनिक मात्र मोजले गेले नव्हते.

२०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न आहे. सहाव्या उद्दिष्टानुसार पाणी घराच्या आवारात, गरजेच्या वेळी आणि प्रदूषणमुक्त मिळाले तरच ते 'सुरक्षित' गणले जाते. दुसरा निर्देशक अधिक मूलगामी आहे : पुन्हा भरून निघणाऱ्या गोड्या पाण्यातून, निसर्गाचा वाटा वगळता, आपण किती उपसतो? हे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेले की जलताणास आरंभ होतो.

बँकेच्या सेवेत असताना एक गोष्ट मनावर ठसली. कर्जवाटपाचा आकडा कितीही डोळ्यांत भरला, तरी शाखेची खरी प्रकृती वसुलीवरून कळते. जलजीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे लक्ष्य ठेवले आहे. नळजोडण्या हे वाटप झाले. उन्हाळ्यात विहिरीला टिकून राहिलेले पाणी ही वसुली होय.

हा हिशेब खेड्यालाही जमतो, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवून दिले आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हे गाव पाऊस मोजते आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते. आधी पिण्याचे पाणी राखून ठेवले जाते, मग पिके ठरतात. सिंचनासाठी कूपनलिका आणि उसासारखी पाणीखाऊ पिके तेथे ग्रामस्थांनीच वर्ज्य केली आहेत.

आपण पाणी गाळून पितो, कारण त्यात जीव आहेत. पाणी स्वतःच अपकाय जीव आहे, असेही आपले शास्त्र सांगते. तरीही सांगली-कोल्हापूरकडील आपल्या ऊस बागायतदारांच्या किती मोटारींवर मीटर आहे? शहरातील आपल्या सोसायट्यांमध्ये कूपनलिकेच्या उपशाची नोंद कोण ठेवते? गाळण्याइतकेच मोजणेही अहिंसेच्या आचारात बसते.

येत्या चातुर्मासात आणखी एक नियम घेता येईल. घरच्या दैनंदिन वापराची, विहिरीच्या पातळीची आणि गावच्या पावसाची नोंद एका वहीत ठेवावी. चार महिन्यांनी ती वही कुटुंबासमोर उघडावी आणि पुढील वर्षाची मर्यादा सर्वांनी मिळून ठरवावी. परिमाण व्रताचा अर्थ तेव्हा घरातील मुलांनाही न सांगता समजेल.