कीवर्डच्या नावाची दुसरी वेबसाईट : घरचा आंबा विकणाऱ्यांनी त्यात पैसे घालावेत का?



आपल्या ब्लॉगवर निबंध, स्वाध्याय, उपक्रम असं नेहमीचं साहित्य असतं. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो पालकसभेतूनच आला आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी देवगड परिसरात आंब्याची कलमं आहेत. आता दलालाकडे पेट्या न पाठवता स्वतःची छोटी वेबसाईट काढून पुण्या-मुंबईला थेट विकणारे पालक वाढलेत. सभा संपली की कुणीतरी थांबतं आणि विचारतं, "बाई, तुमचा ब्लॉग गुगलवर येतो, मग आमची पेटी का येत नाही?"

यंदा एका पालकांनी मला एक कोटेशन दाखवलं. एक एजन्सी सांगत होती, तुमची वेबसाईट राहू द्या, शेजारी आणखी एक लहान साईट काढू. तिच्या पत्त्यातच 'देवगड हापूस ऑनलाइन पुणे' हे शब्द असतील. चार-पाच पानं, प्रत्येक पानावर तेच शब्द, आणि 'ऑर्डर करा' दाबलं की मूळ साईटवर. याला मायक्रोसाईट म्हणतात. खर्च ३०,००० रुपये. लहान बागायतदाराला ही रक्कम थोडी नाही. पेट्या, पुठ्ठा, गाडीभाडं, फवारणी हे सगळं त्याच पैशातून व्हायचं असतं.

माझं मत आधीच सांगते. हे करू नका. का ते सविस्तर सांगते, कारण एजन्सीवाला पूर्ण खोटं बोलत नसतो. तो जुनं बोलत असतो.

एके काळी ही युक्ती चालायची. ग्राहक जे शब्द टाइप करतो तेच शब्द साईटच्या नावात असले की साईट वर यायची, आत मजकूर बेताचा असला तरी. मग सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने नेमका यावरच बदल केला. गुगलचे तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी तो जाहीर केला होता. केवळ नावाच्या जोरावर वर आलेल्या कमी दर्जाच्या साईट खाली गेल्या. आज गुगलच्या नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतही म्हटलं आहे की पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ३०,००० मागितले जातात, तिचं वजन गुगलच्याच लेखी नगण्य आहे.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गुगल एखाद्या साईटवर विश्वास ठेवतं ते बरंचसं दुसऱ्यांच्या सांगण्यावरून. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये जी पद्धत मांडली, तिचा गाभाच हा होता की दुसऱ्या पानांनी तुमच्या पानाची लिंक दिली तर ती एक प्रकारची शिफारस. आता शिफारशीशिवाय बाकीही पुष्कळ गोष्टी बघतात, पण शिफारस संपलेली नाही. तुमच्या मूळ साईटला चार वर्षांत काय मिळालं असेल? एखाद्या स्थानिक बातमीत उल्लेख, एखाद्या ग्राहकाच्या ब्लॉगवर लिंक, पर्यटनाच्या कुठल्या पानावर नाव. थोडंच, पण ते तुमचं. नवीन मायक्रोसाईटकडे यातलं शून्य असतं. वर तुम्ही दोन्हीकडे तोच मजकूर टाकला, तर गुगल बहुधा त्यातलं एकच पान दाखवायला निवडतं. आपल्या वर्गात एखादं मूल एकच स्वाध्याय दोन वह्यांत उतरवून आणतं, तेव्हा आपण गुण दुप्पट देतो का? एकच वही तपासतो. तसंच हे.

आणि यात धोकाही आहे. गुगलच्या स्पॅमविषयक नियमांत 'डोअरवे' नावाचा प्रकार आहे. ठरावीक शब्दांवर दिसावं म्हणून जवळजवळ सारख्या साईट काढायच्या, किंवा वेगवेगळ्या शहरांच्या नावाने पानं काढून सगळ्यांना एकाच जागी ढकलायचं, हे त्यात सरळ सरळ येतं. अशी साईट खाली जाऊ शकते किंवा निकालातून पूर्ण गायबही होऊ शकते. 'देवगड हापूस पुणे', 'देवगड हापूस ठाणे', 'देवगड हापूस नाशिक' अशा तीन साईटचं पॅकेज कुणी देत असेल तर तिथेच नमस्कार करा.

"पण बाई, त्यांनी पहिल्या नंबरचा स्क्रीनशॉट दाखवला!" दाखवणारच. नीट बघा, शोधताना काय टाइप केलंय ते. बहुतेक वेळा साईटचं नावच जसंच्या तसं टाइप केलेलं असतं. आपलं पूर्ण नाव घेऊन हाक मारली तर आपणच वळून बघणार, त्यात नंबर कसला? शिवाय निकाल माणसाच्या ठिकाणाप्रमाणेही बदलतात. कुणी 'पहिल्या नंबरची हमी' देत असेल तर गुगल स्वतःच सांगतं की अशी हमी कुणीच देऊ शकत नाही.

आंब्याच्या धंद्यात फसण्याची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे हंगाम. फेब्रुवारीत मायक्रोसाईट काढली, एप्रिलमध्ये भेटी वाढल्या, एजन्सी म्हणाली बघा फरक. अहो, एप्रिलमध्ये अख्खा महाराष्ट्र आंबा शोधत असतो! तुलना करायची तर या एप्रिलची गेल्या एप्रिलशी करा. त्यासाठी गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले, किती वेळा तुमचं पान दिसलं, किती जणांनी दाबलं, हे सगळं त्यात दिसतं. आणि शेवटी पेट्या किती गेल्या ते वहीत असतंच.

मग कीवर्ड निरुपयोगी का? मुळीच नाही. फक्त ते साईटच्या नावात कोंबायचे नसतात, उत्तरात यायला हवेत. त्या पालकांना मी त्यांचं गेल्या हंगामाचं व्हॉट्सॲप उघडायला सांगितलं. कीवर्ड तिथेच पडले होते. पेटीत किती डझन? एका फळाचं वजन किती? आढीत पिकवता की पावडर टाकता? पुण्यात किती दिवसांत येतं? कच्चं आलं तर घरी कसं पिकवायचं? खराब निघालं तर काय? हा देवगडचाच कशावरून? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांच्या साईटवर नव्हतं. तिथे होतं फक्त 'अस्सल, नैसर्गिक, चविष्ट'. ते तर सगळेच लिहितात.

तेव्हा दुसरी साईट नको, आहे त्याच साईटवर एक नवीन पान हवं. शीर्षक सरळ: 'देवगड हापूस पुण्यात घरपोच'. खाली वर दिलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं, डझनाचा भाव, स्वतःच्या बागेचे स्वतः काढलेले फोटो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तुम्ही त्याचे नोंदणीकृत उत्पादक असाल तर तेही लिहा. गुगल बिझनेस प्रोफाइल मोफत आहे, तीही भरा. लिहायला जमत नसेल तर आठवी-नववीतल्या मुलीला सोबत घ्या. आपण तिच्याकडून वर्षभर 'आंबा' या विषयावर निबंध लिहून घेतो, एकदा खऱ्या ग्राहकासाठी लिहू दे की!

वेगळी साईट कधी योग्य? ग्राहक खरोखर वेगळा असेल तेव्हा. कुणाचं बागेतच पर्यटकांसाठी घरगुती निवास असेल, तर खोली शोधणारा आणि पेटी शोधणारा ही दोन माणसं वेगळी. तिथे स्वतंत्र नाव, स्वतंत्र मजकूर शोभतो. तरीही दोन्ही साईट वर्षभर सांभाळायला घरात माणूस आहे का, हे आधी बघा. आणि कीवर्डचं नाव आवडलंच असेल तर नुसतं डोमेन घेऊन ते मूळ साईटकडे वळवून ठेवा. वर्षाला साधारण हजार-दीड हजारात भागतं. रँकिंग वाढणार नाही, पण पेटीवर छापायला सोपं पडेल. मात्र डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलने घ्या, एजन्सीच्या नव्हे.

हे पान लिहायला मार्चची वाट बघू नका. नवीन पान गुगलला सापडायला आणि रुळायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, मोहोर धरायच्या सुमारास लिहून टाका. आणि जूनमध्ये आंबा संपला की बरेच जण पान काढून टाकतात, तसं करू नका. 'यंदाची विक्री संपली, पुढची नोंदणी फेब्रुवारीत' एवढी ओळ वर टाका आणि तेच पान, त्याच पत्त्यावर, पुढच्या वर्षासाठी राहू द्या.