‘सी’ या अक्षराची उपेक्षा

वर्गीकरण म्हटले की आपल्याला प्रवाह आठवतात : ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरी. मला अलीकडे ताऱ्यांची अक्षरे आठवतात. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. अतितप्त निळ्यापासून तुलनेने थंड लाल ताऱ्यांपर्यंत. वर्णमाला अशी विस्कटलेली, कारण ही अक्षरे मुळात वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषांच्या ठळकपणावरून दिलेली होती. पुढे काही गळाली, क्रम बदलला. नावे तीच राहिली.

ज्या हार्वर्ड वेधशाळेत हे घडले, तिथल्याच अँटोनिया मॉरी यांची कहाणी मला अधिक मोलाची वाटते. १८९७ च्या आपल्या सूचीत त्यांनी ताऱ्यांचे २२ गट पाडले, शिवाय रेषांचे रूपही नोंदवले. काहींच्या रेषा विलक्षण बारीक, रेखीव. त्यांना त्यांनी ‘सी’ हे चिन्ह दिले. ॲनी कॅनन यांच्या १९०१ च्या सुटसुटीत पद्धतीत हा बारकावा गळाला. १९०५ मध्ये डेन्मार्कच्या आयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी दाखवले की ‘सी’ तारे अतिदूर असूनही ठळक दिसतात. म्हणजे ते मुळातच प्रचंड तेजस्वी आहेत. १९०८ साली त्यांनी वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांना लिहिले, की हा भेद सोडणे म्हणजे देवमासा आणि मासा एकाच वर्गात बसवणे. पिकरिंग यांना ते पटले नाही.

वृश्चिकेतली ज्येष्ठा घ्या. तिचा वर्ग एम. लालांद २११८५ हा ताराही एम, पृष्ठभागाचे तापमान जवळपास तेवढेच, सुमारे ३,५०० अंश. पण ज्येष्ठेचा व्यास सूर्याच्या शेकडो पट, तर हा सूर्याच्या निम्म्याहून लहान. अवघ्या ८ प्रकाशवर्षांवर असूनही नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. राक्षसी ताऱ्याचे बाह्य वातावरण विरळ, दाब कमी, म्हणून रेषा रुंदावत नाहीत. मॉरींनी टिपले होते ते हेच. १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी अक्षरापुढे तेजस्वितेचा रोमन आकडा जोडला, तेव्हा वर्गीकरणाला दुसरा अक्ष रीतसर मिळाला.

आपल्याकडे ‘बनगरवाडी’ ग्रामीण आणि मिरासदारांच्या विनोदी कथाही ग्रामीण. अक्षर बरोबर आहे, आकडा नाही. वाक्य कुठे थांबते, निवेदक किती अंतरावर उभा आहे, असे काही एखादी विद्यार्थिनी लिहिते, तेव्हा ते ‘विषयाला सोडून’ ठरते. मी स्वतः कित्येक वर्षे ‘ग्रामीण जीवनाचे दर्शन’ या शब्दांनाच गुण देत आलो आहे.