भिंत एकाची, मजकूर दुसऱ्याचा

समाजमाध्यमावर एखाद्याची बदनामी झाली, तर दोषी कोण? मजकूर लिहिणारा तर आहेच. पण तो मजकूर साठवणारी, लाखो लोकांपर्यंत पोहोचवणारी आणि त्यावर जाहिरातींचे उत्पन्न मिळवणारी कंपनी सहीसलामत सुटावी काय? वृत्तपत्रांपुरता हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. वाचकाच्या पत्रातील बदनामीकारक वाक्यासाठीही संपादक आणि प्रकाशक यांना न्यायालयात उभे राहावे लागते. समाजमाध्यमांना मात्र कायद्याने 'मध्यस्थ' मानले आणि मध्यस्थाला संरक्षण दिले.

या संरक्षणाचे मूळ अमेरिकेत आहे. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने प्रॉडिजी या कंपनीला तिच्या फलकावरील परक्या मजकुराबद्दल प्रकाशक ठरवले. कारण काय, तर ती आक्षेपार्ह मजकूर काढून टाकत असे! जो अंगण झाडेल तोच कचऱ्याचा धनी, असा हा उफराटा न्याय होता. तो दूर करण्यासाठी १९९६ मध्ये कलम २३० आले आणि बदनामीच्या दाव्यांपासून कंपन्यांना जवळजवळ अभयच मिळाले.

भारताने एवढी मोकळीक दिली नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील मूळ कलम ७९ चे संरक्षण तोकडे होते. २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते रुंदावले. पण बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळताच तो त्वरेने हटवण्याची अट घातली. ही 'प्रत्यक्ष माहिती' म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात तिचा अर्थ न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना असा लावला. कोणीही तक्रार करावी आणि कंपनीने मजकूर पुसावा, असे झाले तर टीकाही पुसली जाईल, हा त्यामागील विचार होता. तो निराधार नव्हता. याच निकालाने रद्द झालेल्या कलम ६६अ चा बडगा २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींवर कसा उगारला गेला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२२ मध्ये तर केंद्र सरकारनेच मध्यस्थांच्या नियमांतून 'बदनामीकारक' हा शब्द वगळला. मजकूर बदनामीकारक आहे की नाही, हे न्यायालयाने ठरवावे, अशी त्यामागील भूमिका होती.

तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. तथापि न्यायालयाची वाट किती लांब असते, हे विशाका इंडस्ट्रीज विरुद्ध गुगल इंडिया या प्रकरणावरून दिसते. आक्षेपार्ह लेख २००८ मधले. २००९ पूर्वीचे कलम ७९ फौजदारी बदनामीच्या आरोपापासून वाचवत नाही, एवढे ठरायला डिसेंबर २०१९ उजाडला. आरोपाचा खरेखोटेपणा तर पुढे खटल्यातच ठरायचा होता. एका उद्योगसमूहाची ही कथा, तर खोट्या मजकुराने नाव मातीत गेलेल्या शिक्षिकेने किंवा छोट्या दुकानदाराने काय करावे? लिहिणारा निनावी, कंपनी परदेशी आणि वकिलाचे शुल्क आवाक्याबाहेरचे.

यावर इंग्लंडने २०१३ च्या कायद्यात एक मधला मार्ग शोधला. लेखकाची ओळख पटत नसेल, तर संकेतस्थळाच्या चालकाने तक्रार ४८ तासांत त्याच्याकडे पाठवायची. तो नाव-पत्ता देऊन मजकुराची जबाबदारी घेणार असेल, तर मजकूर राहतो आणि वाद त्या दोघांत चालतो. तो गप्प बसला, तर मजकूर हटतो. ही कार्यपद्धती पाळणाऱ्या चालकाला संरक्षण मिळते. खरेखोटे ठरवण्याचे काम कंपनीवर येत नाही आणि तक्रारदारही ताटकळत नाही.

भारतातही असा विचार व्हायला हवा. निर्भीड टीका करणाऱ्याला निनावीपणाचे कवच लागते, हे खरे; त्यामुळे त्याचे नाव तक्रारदाराला न्यायालयाच्या आदेशावाचून मिळू नये, हे पथ्य पाळलेच पाहिजे. दुसरीकडे, मजकूर निवडून ठरावीक वाचकांपुढे वारंवार आणणाऱ्या कंपनीने आपण केवळ भिंत पुरवतो, असे म्हणणे आता पटण्याजोगे नाही. भिंतीवर काय लिहिले जाईल, हे मालकाच्या हाती नसेल. पण त्या मजकुरावर दिवा कोणी लावला, हे विचारण्याचा अधिकार बदनाम झालेल्या नागरिकाला असलाच पाहिजे.