युद्ध नाकारणारा सिद्धार्थ आणि आपले स्टेटस



2025 ची बुद्ध पौर्णिमा 12 मे रोजी आली. भारत-पाकिस्तान यांच्यातला मारा थांबून तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. सकाळी विहारात आम्ही पंचशील ग्रहण केले, खीर वाटली आणि दुपारी आमच्याच कार्यकर्त्यांचे स्टेटस पाहिले. युद्ध थांबवलेच कशाला, लाहोरपर्यंत जायला हवे होते, अशी भाषा! पहलगाममध्ये निरपराध पर्यटकांना मारले, त्याचा संताप आम्हालाही आहे. मारेकऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण सकाळचे पहिले शील दुपारपर्यंतही टिकू नये?

दरवर्षी वर्षावासात आपण 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. त्यात सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे. ती कथा बाबासाहेबांनी नाकारली. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटले, सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला आणि भर संघात सिद्धार्थ विरोधात उभा राहिला. 'शांतता राखा' एवढेच सांगून तो खाली बसला नाही. दोन माणसे आपली, दोन त्यांची आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी वाद मिटवावा, ही त्याची सूचना होती. ती प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. मग 20 ते 50 वयाच्या शाक्यांनी सैन्यात दाखल व्हावे असा ठराव आला. त्यालाही त्याने नकार दिला, तेव्हा सेनापतीने धमकी कोणती दिली? कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्त! हे हत्यार कसे चालते ते आपल्या आजा-पणजांना चांगले ठाऊक होते.

पाण्याचे भांडण आजही आहे. 1960 चा सिंधू जलकरार 1965, 1971 आणि 1999 च्या लढायांतही टिकला. वाद झाला तर आधी दोन्ही देशांचा कायम आयोग, मग तटस्थ तज्ज्ञ, मग लवाद, अशी पायरीपायरीने सोय त्यात आहे. म्हणजे सिद्धार्थाच्या सूचनेच्या जवळचीच. एप्रिल 2025 मध्ये भारत सरकारने हा करार स्थगित केला. पाणी तोडण्याच्या घोषणेवर टाळ्या वाजवणाऱ्यांत चवदार तळ्याचे वारसदारही होते, हे आम्हाला सर्वांत जास्त बोचते.

आता शांततावाद्यांकडे वळू. त्यांच्या हातून काहीच झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. 1992 मध्ये सहा संघटनांनी भूसुरुंगांविरुद्ध मोहीम सुरू केली. जगातली सगळी शस्त्रे नकोत असे त्या म्हणत बसल्या नाहीत. हे एक शस्त्र बंद करा, एवढेच मागितले. 1997 मध्ये ओटावा करारावर सह्या झाल्या. त्याच वाटेने 2017 मध्ये 122 देशांनी अण्वस्त्रबंदी कराराच्या बाजूने मत दिले आणि 22 जानेवारी 2021 पासून तो लागू झाला. भारत दोन्हींत नाही. उलट 18 मे 1974 रोजी पोखरणला अणुस्फोट केला गेला आणि त्याला 'हसरा बुद्ध' म्हटले गेले. 11 मे 1998 च्या स्फोटांच्या दिवशी तर बुद्ध पौर्णिमाच होती. महाकारुणिकाचे नाव बॉम्बला! यावर आपल्या किती संघटनांनी साधे निवेदन दिले? आम्हीही दिले नाही, हे कबूल करतो.

मग शांततावाद्यांशी आमचे भांडण कशावरून? त्यांच्या परिषदांना आम्ही गेलो आहोत. ठरावांत अण्वस्त्रे असतात, गाझा असते, युक्रेन असते; खैरलांजी नसते. एका परिषदेत जातीय अत्याचाराचे एक कलम घाला म्हणालो, तर व्यासपीठावरून उत्तर आले की त्याने विषय भरकटतो. या मंडळींनी रोहिणीची पुढची गोष्ट वाचावी. सिद्धार्थ गेल्यावर लोकांनीच युद्धाविरुद्ध आंदोलन केले, समेट झाला, कायमचे लवाद मंडळ नेमले गेले. परिव्राजकांनी ही बातमी आणली आणि आता घरी परत जा म्हणाले. सिद्धार्थ परतला नाही. राजांची युद्धे अधूनमधून होतात, पण वर्गावर्गांतला संघर्ष रोजचा आहे आणि दुःखाचे मूळ तिथे आहे, असे त्याला दिसले. बाबासाहेबांनी हे कशासाठी लिहिले असेल? शेजाऱ्याशी तह झाला तरी गावकुसाबाहेरच्या वस्तीशी कोणी तह करत नाही.

पैशाचा हिशेबही मांडू. मंत्रिमंडळातून बाहेर पडताना ऑक्टोबर 1951 च्या निवेदनात बाबासाहेबांनी दाखवून दिले की 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी सैन्यावर जातात, कारण परराष्ट्र धोरणाने आपल्याला मित्रच ठेवले नाहीत. 2025-26 ची संरक्षण तरतूद सुमारे 6.81 लाख कोटी आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झाले 59,048 कोटी, केंद्र-राज्य मिळून, तेही पाच वर्षांसाठी. भागाकार ज्याचा त्याने करावा. संरक्षणाच्या रकमेत जवानांचे पगार आणि पेन्शन आहे, हे खरे. आमच्या नात्यातही ते पेन्शन येते. म्हणून शिष्यवृत्ती वर्ष उलटून जमा झाली तरी प्रश्न विचारायचाच नाही का?

'मग भीमा कोरेगाव? मग महार रेजिमेंट?' हा प्रश्न येणारच, आणि तो योग्य आहे. सैन्य बरखास्त करा असे आम्ही म्हणत नाही. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बुद्धाने फरक केला, असे बाबासाहेबांनी सांगितले आहे. लाहोरचे स्टेटस यांपैकी कशात बसते, ते टाकणाऱ्याने सांगावे.

येत्या वर्षावासात रोहिणीचे प्रकरण येईल तेव्हा वाचन थांबवून अर्धा तास चर्चा ठेवा, ज्यांचे मत आमच्याविरुद्ध आहे त्यांना आधी बोलू द्या. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही लिहायला घेतला आहे. त्यात दोन मागण्या आहेत: सिंधू करार पूर्ववत करा आणि पोखरणच्या स्फोटाला जोडलेले बुद्धाचे नाव सरकारने अधिकृतपणे नाकारावे. आणि पुढच्या शांतता परिषदेत जातीचे कलम आम्ही लिहूनच नेणार आहोत. कोण कोण सोबत येणार, ते कळवा.

जय भीम! नमो बुद्धाय!